बुरशी औषधास दाद का देत नाही ?

सन २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या औषध कारखान्यात ॲम्फोटेरिसीन-बी या इंजेक्शनाचे उत्पादन सुरू झाले. करोनाची दुसरी लाट त्या सुमारास ओसरू लागली होती. परंतु तिच्या मागोमाग, विशेषेकरून मधुमेही रुग्णांत, म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग बळावला होता. लोकांनी त्यास 'काळी बुरशी' असे नाव दिले. नाकातून गालाच्या हाडात, तेथून डोळ्यात आणि अखेरीस मेंदूत असा हा रोग पसरतो. त्यावरील इंजेक्शन मिळविण्यासाठी रुग्णांचे नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात वणवण करीत होते. बाजारात सुमारे ७००० रुपयांस मिळणाऱ्या या इंजेक्शनाची किंमत १२०० रुपये राहील, असे वर्ध्यातील उत्पादनाच्या वेळी जाहीर करण्यात आले.

त्या दिवसांत अनेकांच्या मनात एक शंका येत असे. बुरशीवरील गोळ्या तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. मग याच एका इंजेक्शनासाठी एवढी धावाधाव कशासाठी ? फुप्फुसात शिरलेल्या दुसऱ्या एका बुरशीवर व्होरिकोनाझोल हे औषध उत्तम समजले जाते. काळ्या बुरशीवर मात्र ते लागू पडत नाही. औषध बनावट नसते, मात्राही कमी पडलेली नसते, तरीही बुरशी वाढतच राहते.

याचे कारण बुरशीच्या पेशीतील एका विकराच्या घडणीत आहे. विकर म्हणजे ज्यास एन्झाइम म्हणतात तो पदार्थ होय. विशेष असे की, शेतात तांबेरा, भुरी, करपा अशा रोगांवर जी कितीतरी औषधे फवारली जातात, त्यांचा घावही याच विकरावर पडतो. यास्तव हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. पाठीवर पंप घेणाऱ्या शेतकऱ्याचा आणि त्यास सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्याचाही त्याच्याशी संबंध येतो.

विकर आणि त्याचे नेढे

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. माणसाच्या व जनावरांच्या पेशीपटलास बळकटी देण्यासाठी कोलेस्टेरॉल हा पदार्थ असतो. बुरशीत त्याऐवजी अर्गोस्टेरॉल असतो. बुरशी तो स्वतः तयार करते, आणि तोही एकदम नव्हे, तर अनेक पायऱ्यांनी. एका विकराने आपले काम करून माल पुढे सरकवावा, दुसऱ्याने तो घ्यावा, असा हा क्रम चालतो. कापसाची गाठ बांधली जाण्यापूर्वी सरकी वेगळी होते, रुई साफ होते, मग ती दाबली जाते. त्यातील एक यंत्र बंद पडले की पुढची सर्व यंत्रे रिकामी राहतात आणि मागे माल तुंबतो. बुरशीतही तसेच होते. अर्गोस्टेरॉल मिळाला नाही की तिचे पटल कमकुवत होते आणि अर्धवट तयार झालेला माल साचून तिला बाधू लागतो.

बुरशीवरील बहुतेक महत्त्वाची औषधे याच क्रमातील एखाद्या विकरास अडवितात. ज्यांच्या नावाचा शेवट 'कोनाझोल' असा होतो, ती औषधे चौदा-अल्फा-डिमिथिलेज नावाच्या विकरास अडवितात. शास्त्रीय लेखनात यास 'सिप-५१' असे आटोपशीर नाव आहे. गजकर्णावरील टर्बिनाफाइन हे औषध त्याच क्रमातील आधीच्या एका विकरास, म्हणजे स्क्वालीन इपॉक्सिडेजला, अडविते. ॲम्फोटेरिसीन-बी चा मार्ग अगदी निराळा आहे. ते कोणत्याही विकराच्या वाटेस जात नाही. तयार होऊन पटलात बसलेल्या अर्गोस्टेरॉललाच ते जाऊन धरते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

विकर हे एक प्रथिन होय. शेकडो अमिनो आम्लांचे मणी एका दोऱ्यात ओवावेत आणि मग तो दोरा गुंडाळून त्याची विशिष्ट आकाराची गुंडी व्हावी, तशी त्याची रचना असते. सिप-५१ च्या गुंडीत मध्यभागी एक पोकळी असून तिच्या तळाशी लोहाचा एक अणू बसविलेला असतो. बुरशीचा कच्चा माल या पोकळीत शिरतो, लोहाजवळ त्यावर क्रिया होते आणि तो बाहेर पडतो. कोनाझोल गटातील औषधाच्या एका टोकाशी नत्राचा अणू असतो. तो त्या लोहास घट्ट पकडतो आणि औषधाचा उरलेला भाग पोकळीच्या भिंतींना टेकून बसतो. पोकळी अशी भरून गेली की कच्च्या मालास आत वाव राहत नाही.

कुऱ्हाडीच्या नेढ्यात दांडा बसतो तसाच हा प्रकार समजावा. दांडा नेढ्यात ठाकून बसला पाहिजे. नेढ्याची एक कड जरी वाकली, तरी कालपर्यंत बसणारा दांडा आज खुळखुळतो किंवा आत जातच नाही. औषधांचे दांडेही सारखे नसतात. व्होरिकोनाझोल व फ्लुकोनाझोल हे आखूड दांडे आहेत. इट्राकोनाझोल व पोसाकोनाझोल यांना लांब शेपूट असून ते पोकळीच्या तोंडापर्यंत पोहोचते. आखूड दांड्यास नेढ्यातील थोड्याच जागी पकड मिळते. लांब दांडा अनेक जागी टेकतो. म्हणून नेढ्याचा कोणता भाग बिघडला यावर कोणता दांडा निकामी होईल हे ठरते.

आता काळ्या बुरशीचे कोडे उलगडते. ही बुरशी ज्या कुळातील आहे, त्या कुळात सिप-५१ च्या दोऱ्यातील १२९ व्या जागी टायरोसीन हा मणी असावयाचा तेथे फेनिलॲलनीन हा मणी असतो. दोन्ही मणी जवळजवळ सारखे. फरक एवढाच की टायरोसीनच्या टोकाशी ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी असते, फेनिलॲलनीनला ती नसते. त्या जोडीच्या आधाराने आखूड दांड्यास पकड मिळते. ती गेली की व्होरिकोनाझोल नेढ्यात ठरत नाही. लांब शेपटीच्या पोसाकोनाझोलास इतर ठिकाणी आधार मिळतो, म्हणून ते या रोगात काही प्रमाणात उपयोगी पडते. हा निष्कर्ष सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चार वर्षांनी करोनानंतरच्या साथीत त्याचा अर्थ सामान्य माणसासही समजला. ज्या औषधाचा विकराशी संबंधच नाही, असे ॲम्फोटेरिसीन-बी हेच अशा वेळी मुख्य आधार ठरते. ते शिरेवाटे द्यावे लागते, मूत्रपिंडास त्रासदायक होऊ शकते आणि रुग्णालयात राहून घ्यावे लागते. गोळी घेऊन घरी जाण्याची सोय त्यात नाही.

उकिरड्यावरील बुरशी

काळ्या बुरशीचा हा गुण जन्मजात आहे. कोणी औषध फवारले म्हणून तो आलेला नाही. परंतु दुसऱ्या एका बुरशीत असाच गुण अलीकडच्या काळात नव्याने आला आहे, आणि तेथे शेतीचा संबंध येतो.

या बुरशीचे नाव ॲस्परजिलस फ्युमिगेटस. तिचे नाव शेतकऱ्यास ठाऊक नसले तरी ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली आहे. ओलसर राहिलेले सोयाबीनचे कुटार हिवाळ्यात उपसले म्हणजे जी हिरवट-करडी धूळ उडते, तीत तिचे बीजाणू असू शकतात. ती पिकावर रोग पाडीत नाही. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर ती जगते, आणि शेणखताचा किंवा कंपोस्टचा ढीग आतून तापतो तेव्हा इतर बुरशा मरतात, पण ही बुरशी ५० अंश सेल्सियसच्या उष्णतेतही वाढते. या दृष्टीने ती उपयोगाचीच आहे; काडीकचऱ्याचे खत होण्यास तिची मदत होते. माणसाच्या शरीराची ऊब तिला सहज मानवते, हीच काय ती अडचण.

तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. निरोगी माणसाचे शरीर ते नष्ट करते. ज्याचे फुप्फुस पूर्वी क्षयाने पोखरले आहे, त्याच्या बाबतीत मात्र धोका असतो. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात पोकळी राहून जाते आणि त्या पोकळीत ही बुरशी घर करते. रुग्णास खोकला येतो, वजन घटते, थुंकीतून रक्त पडते. घरचे लोक म्हणतात, क्षय उलटला. पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होतात आणि महिने वाया जातात. या रोगावर तोंडाने घ्यावयाचे मुख्य औषध इट्राकोनाझोल हे होय, आणि ते कित्येक महिने घ्यावे लागते. बुरशी जर त्यास दाद देईनाशी झाली, तर खेड्यात राहून उपचार घेण्याचा मार्गच खुंटतो.

युरोपात नेदरलँड देशात अशा दाद न देणाऱ्या बुरशीचा पहिल्याने सखोल अभ्यास झाला. तेथील रुग्णांत सापडलेल्या बुरशीच्या सिप-५१ मध्ये ९८ व्या जागी ल्युसीनऐवजी हिस्टिडीन हा मणी आला होता. ही जागा लोहाजवळ नाही. ती पोकळीपासून काहीशी दूर आहे. पण ठोका कुऱ्हाडीच्या पाठीवर बसला तरी नेढे तिरके होऊ शकते, तसा एका मण्याच्या बदलाने गुंडीचा सगळा पीळ बदलतो आणि औषधाची वाट अडते. याखेरीज आणखी एक बदल बरोबरीने झालेला होता. हे विकर किती बनवावे हे ठरविणारा जो भाग जनुकाच्या आरंभी असतो, त्यातील ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा लिहिला गेला होता. परिणामी विकराचे उत्पादनच वाढले. म्हणजे नेढेही वाकडे आणि कुऱ्हाडीही जास्त. नेहमीच्या मात्रेतील औषध अशा वेळी पुरे पडत नाही.

या दुहेरी बदलाविषयी शास्त्रज्ञांच्या मनात संशय उत्पन्न झाला तो एका गोष्टीमुळे. कोनाझोल गटातील औषध पूर्वी कधीही न घेतलेल्या रुग्णांतही ही बुरशी सापडू लागली. रुग्णाच्या शरीरात दीर्घ उपचारानंतर जे बदल होतात, ते बहुधा निराळे असतात; उदाहरणार्थ, ५४ व्या जागेवरील ग्लायसीन बदलते, तेव्हा लांब शेपटीची इट्राकोनाझोल व पोसाकोनाझोल ही औषधे अडखळतात, पण व्होरिकोनाझोल चालते. नव्या बुरशीत तर जवळजवळ सर्वच औषधे निकामी होत होती. मग तिने ही विद्या कोठे संपादन केली ? सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखविण्यात आले की प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल, डायफेनोकोनाझोल, इपॉक्सिकोनाझोल आणि ब्रोम्युकोनाझोल या शेतीतील पाच औषधांची घडण रुग्णालयातील औषधांच्या घडणीशी फार मिळतीजुळती आहे. ती सर्व एकाच नेढ्यात एकाच रीतीने बसतात. नेदरलँडमध्ये ही पाचही औषधे १९९० ते १९९६ या काळात शेतीत आली आणि त्यानंतर, १९९८ पासूनच्या नमुन्यांत, ही बुरशी आढळू लागली.

त्याच वर्षी, म्हणजे २०१२ साली, दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतील संशोधकांनी भारतातील पाहणी प्रसिद्ध केली. माती व हवा यांच्या नमुन्यांतून मिळालेल्या बुरशीपैकी ४४ वाण, म्हणजे सुमारे ७ टक्के, औषधास दाद न देणारे निघाले. चहाच्या मळ्यांतील मातीत हे प्रमाण सर्वांत जास्त, ३३ टक्के, होते. रुग्णालयाच्या बागेतील कुंड्यांच्या मातीत ते २० टक्के, भातखाचरांत १२.३ टक्के आणि रुग्णालयातील हवेत ७.६ टक्के आढळले. या सर्व वाणांत ९८ व्या जागेचा तोच बदल आणि ३४ अक्षरांचा तोच दुबार तुकडा होता. रुग्णास देण्याच्या तीन औषधांबरोबरच शेतीतील सहा औषधांनाही ते दाद देत नव्हते. कुंडीतील माती म्हणजे रुग्णाच्या खिडकीजवळची माती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे सन २०१४ मध्ये आणखी एक वाण भारतात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. हा वाणही पूर्वी नेदरलँडमध्ये आढळला होता. त्यात १२१ व्या जागी टायरोसीन जाऊन फेनिलॲलनीन आलेले असते आणि त्याच्यापुढे व्होरिकोनाझोलाचे चालत नाही. वाचकांस हे मणी ओळखीचे वाटतील. काळ्या बुरशीत जे १२९ व्या जागी जन्मतः असते, तेच ॲस्परजिलसमध्ये १२१ व्या जागी नव्याने घडले. दोन्ही दोरे एकमेकांशेजारी ठेवून जुळविले तर ही जागा एकच ठरते. एका बुरशीस जे निसर्गतः मिळाले, ते दुसरीने औषधांच्या माऱ्याखाली मिळविले.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. औषध बुरशीस शिकवीत नाही किंवा तिच्यात बदल घडवूनही आणीत नाही. असंख्य बीजाणूंमध्ये मण्यांची अदलाबदल आपोआप होतच असते. त्यातील बहुतेक बदल बुरशीस घातक असतात, कारण ज्या बदलाने विकराचे स्वतःचे काम थांबते, ती बुरशी जगत नाही. क्वचित एखादा बदल असा असतो की औषध बसत नाही, पण कच्चा माल मात्र पूर्वीसारखा आत जातो. औषध नसताना अशा बुरशीस काहीच विशेष लाभ नसतो. फवारा पडला की इतर मरतात आणि ती एकटी उरते. शेतकरी ज्वारीची उत्तम कणसे निवडून बियाण्यासाठी ठेवतो. येथे तशीच निवड फवाऱ्याकडून होते, आणि ती नको त्या वाणाची होते.

फवारणीच्या वेळी

वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा व गहू ही पिके आणि आर्वी, आष्टी व कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. बुरशीनाशकांवाचून या पिकांचे भागणार नाही, आणि ती वापरू नयेत असा या लेखाचा आशय मुळीच नाही. टेब्युकोनाझोलाच्या एका वेळेवर केलेल्या फवारणीने शेंगांवरील करपा आवरला जात असेल तर ती अवश्य करावी. प्रश्न आहे तो गरज नसताना होणाऱ्या फवारणीचा.

दुकानदाराने दिलेल्या बाटलीवर व्यापारी नाव मोठ्या अक्षरांत असते. त्याखाली औषधाचे शास्त्रीय नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचावे. त्याचा शेवट 'कोनाझोल' असा असल्यास ते औषध याच गटाचे आहे, मग बाटलीचा रंग व कंपनी कोणतीही असो. हेक्झाकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल, डायफेनोकोनाझोल ही सर्व एकाच आडनावाची भावंडे होत. एकदा हेक्झाकोनाझोल व पुढच्या वेळी टेब्युकोनाझोल फवारून औषध बदलले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात नेढे तेच राहते, बदलतो तो केवळ दांड्याचा रंग. बदल करावयाचा तर गट बदलला पाहिजे. गंधक, ताम्रयुक्त औषधे व मॅन्कोझेब ही बुरशीच्या पेशीत एकाच विकरावर नव्हे, तर अनेक जागी घाव घालतात. त्यामुळे एका मण्याच्या बदलाने बुरशीस त्यांतून सुटता येत नाही. जुने बोर्डो मिश्रण शतकाहून अधिक काळ उपयोगी राहिले याचे रहस्य हेच आहे.

संत्र्यावरील डिंक्या रोगाचे उदाहरण या संदर्भात फार बोधप्रद आहे. हा रोग फायटोप्थोरा या जंतूमुळे होतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. तो अर्गोस्टेरॉल तयारच करीत नाही आणि त्याच्याजवळ सिप-५१ हे विकरच नाही. जेथे नेढेच नाही तेथे दांडा कोठे बसविणार ? म्हणून डिंक्यावर कोनाझोल गटातील कोणतेही औषध घालणे म्हणजे पैसा मातीत ओतणे होय. एवढेच नव्हे, तर झाडाखालच्या कुजक्या पाल्यातील ॲस्परजिलसला त्या औषधाचा नाहक मारा बसतो आणि वर सांगितलेली निवड सुरू होते. डिंक्यासाठी खोडास बोर्डो मलम लावावे. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे त्याचे प्रमाण सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ते लावण्याचा कंटाळा मात्र केला जातो.

सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकचेही तसेच. सन २०२३ मध्ये विदर्भात या रोगाने सोयाबीनची मोठी हानी केली. तो विषाणूजन्य असून पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर बुरशीनाशक फवारून काहीही निष्पन्न होत नाही. पाने पिवळी दिसली की हाती लागेल ते औषध पंपात टाकावयाचे, किंवा पीक काळेभोर हिरवे दिसावे म्हणून टॉनिकाबरोबर कोनाझोलही मारावयाचे, ही सवय मोडण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यास चिकाटीने करावे लागेल. एका पंपात अनेक औषधे मिसळण्याचे दुसरे दुष्परिणाम निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. सन २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने जे बळी गेले, ते अजून विस्मरणात गेलेले नाहीत.

एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे उरलेल्या औषधाची विल्हेवाट. फवारणी संपल्यावर पंपातील उरलेले द्रावण आणि पंप धुतलेले पाणी पुष्कळदा घराजवळच्या उकिरड्यावर ओतले जाते. जेथे ही बुरशी सर्वांत जोमाने वाढते, नेमके तेथेच औषधाचा अल्पसा अंश जाऊन पडतो. तिला मारण्यास तो अपुरा असतो, दुबळे वाण मागे पाडण्यास मात्र पुरेसा असतो. नेदरलँडमधील पाहणीत औषधाचे अवशेष असलेले काडीकचऱ्याचे ढीग हीच अशा वाणांची मुख्य ठाणी असल्याचे आढळले. यास्तव द्रावण मोजून तयार करावे. थोडे उरलेच तर आणि पंप धुतल्याचे पाणी ज्या पिकावर फवारणी केली त्यावरच संपवावे. उकिरडा, विहिरीचा काठ व नाला यांपासून ते दूर ठेवावे.

खताचा ढीग उलथताना किंवा कुटार उपसताना त्यावर आधी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ कमी उडते. वाऱ्याच्या पाठीकडे उभे राहावे व नाकातोंडास फडके घट्ट बांधावे. मास्क असल्यास अधिक चांगले. ज्यास पूर्वी क्षय झाला होता, ज्यास दमा आहे किंवा ज्यास स्टिरॉइडची औषधे चालू आहेत, त्याने हे काम घरातील दुसऱ्या माणसावर सोपवावे. रोजाने आलेल्या मजुराबाबतही हीच चौकशी करावी.

गजकर्ण आणि डोळा

औषधास दाद न देण्याचा आणखी एक प्रकार गावोगाव दिसतो. जांघेत, कमरेवर, पोटावर उठणारे गजकर्ण पूर्वी टर्बिनाफाइनच्या गोळ्यांनी व मलमाने थोड्या आठवड्यांत बरे होत असे. आता ते महिनोन्‌महिने जात नाही. यास कारण असलेल्या बुरशीच्या नव्या जातीस सन २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. त्या नावात भारताचा निर्देश आहे, आणि ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. तिच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकरात बहुधा ३९७ व्या जागी फेनिलॲलनीन जाऊन ल्युसीन आलेले असते, म्हणून टर्बिनाफाइनचा दांडा तेथे धरत नाही. येथे दोष फवाऱ्याचा नाही. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांच्या नळ्या दुकानातून परस्पर आणून लावणे, खाज थांबताच औषध सोडणे, एकाच घरात एकाने उपचार घेणे व इतरांनी न घेणे, या सवयींनी हा रोग फोफावला. स्टिरॉइडने खाज व लाली दबते, बुरशी मात्र निर्धास्त पसरते. अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे व घरातील सर्वांची तपासणी करवावी. कपडे वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

सोयाबीन काढणीच्या वा मळणीच्या वेळी डोळ्यास काडी लागून बुबुळावर फूल पडते, त्यातही कित्येकदा बुरशीच असते. अशा बुबुळाच्या बुरशीवर नाटामायसीनचे थेंब वापरतात. हे औषध ॲम्फोटेरिसीनच्या कुळातले असून विकरास नव्हे तर अर्गोस्टेरॉललाच धरते. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या व सन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरले. स्टिरॉइडचे थेंब अशा डोळ्यात घातल्यास डोळा जाण्याचा संभव असतो, म्हणून दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालू नयेत आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

क्षय बरा झालेल्या माणसाच्या थुंकीतून पुन्हा रक्त पडू लागल्यास त्याला प्रथम थुंकीच्या तपासणीसाठी पाठवावे, आणि क्षयाचे जंतू न सापडल्यास बुरशीचीही तपासणी करण्याविषयी डॉक्टरांस विनंती करावी. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांस जोडलेली रुग्णालये जवळ आहेत. रुग्ण शेतात कोणते काम करतो, खताच्या ढिगाशी त्याचा संबंध येतो काय आणि त्या हंगामात कोणती बुरशीनाशके फवारली, हे कार्यकर्त्याने एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर द्यावे. बुरशी वाढवून औषधास ती दाद देते की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळेस काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत घरच्यांनी दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नयेत.